लीद रोज आमच्याच दारात का पडते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: बेळगावला लागून असलेल्या गावात, पूर्वी जिथे रताळी-बटाटे निघायचे त्या शेतवडीतल्या प्लॉटवर तुम्ही चार वर्षांपूर्वी घर बांधलंत. तीन घरं सोडून जुन्या वस्तीतल्या एका कुटुंबाचे दोन घोडे आहेत. एक शर्यतीच्या गाडीला जुंपायचा, दुसरा वरातीला आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीला जाणारा. पहाटे साडेपाचला त्यांचा मुलगा तुमच्या रस्त्यावर घोडा पळवतो, लीद नेमकी तुमच्या फाटकासमोर पडते, मागून उकिरड्याचा वास येतो आणि माश्यांमुळे ताट झाकून जेवायची वेळ आली आहे. मागच्या आठवड्यात सासूबाई लिदीवरून घसरल्या, कोपर सोलवटलं. बोलायला गेलात तर "घोडं काय सांगून हागतंय काय ओ?" असं ऐकून परत आलात. आता घोडे तिथून कायमचे हलवायला कोणता कायदा लावता येईल, ते तुम्हाला हवंय.

आधी कोपर. घोड्याच्या आतड्यात धनुर्वाताचे जंतू असतात, ते लिदीतून बाहेर पडतात आणि त्यांची बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मळलेल्या जखमेला, शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. आपल्याकडच्या सत्तरीतल्या बायकांना शेवटचं कधी घेतलं ते आठवतही नाही. मी जनावरांचा डॉक्टर, माणसाचा डोस माणसांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण आधी त्यांना दवाखान्यात नेऊन आणा, मग पुढचं वाचा.

आता घोडे. पशुसंगोपन खात्यात मी ३१ वर्षं काढली. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, शेवटी बेळगाव. गाई-म्हशींपुढे घोड्यांची संख्या किरकोळ, पण शेजाऱ्यांची भांडणं माझ्यापर्यंत आली ती घोड्यांचीच जास्त. म्हशीचं शेण रस्त्यात पडलं तर कुणीतरी उचलून नेतं, सारवायला नाहीतर शेणी थापायला होतं. लीद कुणालाच नको असते. शिवाय म्हैस पोटासाठी आणि घोडा हौसेसाठी, अशी आपली समजूत. पोटासाठीचा त्रास माणूस सोसतो, दुसऱ्याच्या हौसेचा सोसवत नाही.

तुमच्या लिहिण्यात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत: रस्त्यावरची लीद, मागचा उकिरडा आणि घोडा पळवणं. "घोडे हलवा" म्हटलं की तिन्ही एकाच मागणीत जातात आणि समोरच्याकडे एकच उत्तर उरतं, "जमत नाही." तिन्ही सुट्या करा. त्यांची माणसंही वेगळी असतात. पळवतो मुलगा, उकिरडा बघते घरातली बाई, आणि भांडायला दारात उभा राहतो बाप, ज्याच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं.

दारातल्या लिदीपासून सुरुवात करू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. "मुद्दाम आमच्याच फाटकासमोर" हे वाक्य तुम्ही तीनदा लिहिलंय. मी घोडा बघितलेला नाही, त्यामुळे पैजेवर सांगत नाही. पण तो शर्यतीचा घोडा खच्ची न केलेला असेल तर यात माणसाचा हात असण्याची गरजच नाही. अशा घोड्याची एक जुनी खोड आहे. वाटेत लिदीचा वास आला की तो रेंगाळतो, हुंगतो आणि तिच्यावरच आपली लीद टाकून पुढे जातो. इथून माझं जाणंयेणं आहे, ही त्याची पाटी. मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांमध्ये एकाच जागी असे ढीग साठत जातात. तुमच्या फाटकाशी पहिल्यांदा लीद पडली ती योगायोगानं पडली असेल, वळण असेल, गतिरोधक असेल, कुत्रं अंगावर आलं असेल. तुम्ही खराट्यानं लोटून टाकली. डांबरावर वास राहिला. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा सही झाली.

शहराच्या पश्चिमेकडच्या एका गावात दोन घरं याच कारणावरून चार महिने बोलत नव्हती. मी काही समझोता वगैरे केला नाही. एक बादली, कपडे धुवायची पावडर आणि ताठ ब्रश घेतला आणि ज्यांच्या दारात लीद पडायची त्या घरच्या सुनेला सांगितलं की लीद उचलल्यावर जागा घासून धुवायची, सलग आठवडाभर, आणि घोडा बाहेर पडायच्या आत. पाचव्या दिवशी लीद चाळीस पावलं पुढे सरकली. तिथे देवळाचं आवार होतं, मग देवस्थान पंच कमिटी माझ्याकडे आली. तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट घोडेवाल्यांना माहीत असते, शेजाऱ्यांना नसते. तबेल्यातून बाहेर काढला, खोगीर चढलं किंवा गाडीला जुंपला, की घोडा बहुधा पहिल्या दहा मिनिटांत मोकळा होतो. तुमचं घर तीन घरं सोडून, म्हणजे दोन मिनिटांच्या आत. घोडा बाहेर काढण्याआधी त्यांनी आपल्याच परड्यात दहा मिनिटं हातात धरून चालवला तर रस्त्यावरची बरीचशी लीद त्यांच्या परड्यातच राहील. गाडीच्या घोड्याला शेपटीखाली गोणपाटाची झोळीही बांधता येते, गाडीच्या दांड्यांना अडकवायची. वरातीच्या घोड्याला ती जमत नाही, स्वाराच्या मागे लोंबते आणि घोडा बुजतो. उरलीसुरली पडली तर फावडं आणि पाटी घेऊन त्यांनी यायचं, एवढं मागायला तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक मात्र करू नका. लिदीवर चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. स्वच्छतेच्या नावाखाली सगळे तेच करतात. चुन्यानं ओल्या लिदीतला अमोनिया उलट जोरात बाहेर पडतो, वास दुप्पट. ब्लीचिंग पावडर मुताच्या ओलीवर पडली तर घशाला झोंबणारा वायू तयार होतो, आणि तो हुंगायला आधी तुमच्याच घरातली माणसं फाटकाशी उभी असतात. चुलीतली राखही चुन्याच्याच जातीची. कोरडी माती किंवा भुसा टाकून उचला, मग धुवा.

आता हिशेब बघा. आपल्याकडचा तीनेकशे किलोचा घोडा दिवसाला दहा-पंधरा किलो लीद टाकतो, आठ-दहा वेळा मिळून. दोन घोड्यांची महिन्याकाठी पाऊण टनाच्या आसपास होते. रस्त्यावर पडते ती त्यातली एक-दोन वेळची. बाकी सगळी मागच्या भिंतीला लागून साठते. तुम्ही भांडताय टोपलीभर लिदीवरून. घरात माश्या येतात त्या गाडीभर लिदीतून.

माशीचं गणित सोपं आहे. अंडं घातल्यापासून उडती माशी व्हायला आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. घोडेवाले उकिरडा महिन्यानं उचलतात, म्हणजे माशीच्या तीन पिढ्या तिथेच लहानाच्या मोठ्या होतात. आठवड्यातून दोनदा लीद हलली तर अळीची माशी व्हायला वेळच मिळत नाही. हलवायची कुठे, हा त्यांचा पुढचा प्रश्न असणार, तेव्हा उत्तर बरोबर घेऊन जा. लीद हे गरम खत आहे. कंबरेएवढा ढीग रचून वर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि कडा मातीनं दाबल्या की आत ५५-६० अंशांपर्यंत तापमान चढतं. त्यात अळ्या मरतात, गवताचं बी मरतं, वास घटतो. तीन महिन्यांत ढीग निम्म्यावर येतो आणि हाताला कुजलेल्या पानांसारखा लागतो.

ते खत शेतकरी नेतात. बटाटेवाल्यांना चालतं, नर्सरीवाले स्वतः पोती घेऊन येतात. फक्त ताजी लीद रताळ्याच्या रानात कुणी ओतू नये. नत्र जास्त झालं की वेलच वेल माजतो आणि खाली बोटाएवढी मुळं. उचगाव-बेकिनकेऱ्याकडच्या शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही; प्लॉटवाल्यांना हौसेच्या बागेत हमखास चुकलेलं बघितलंय.

डोळे चुरचुरतात तो वास लिदीचा नसतो, मुताचा असतो. शर्यत जवळ आली की चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, वाढते, हरभरा दुप्पट होतो, कुणी दूध-अंडी सुरू करतं. अंगी न लागलेलं नत्र मुतातून बाहेर पडतं आणि त्याचा अमोनिया होतो. जत्रांच्या दिवसांत वास वाढतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हे. यावर उपाय तबेल्यातच. भातगिरणीतून तूस आणून खाली चार बोटं पसरायचं, ओला झालेला भाग रोज काढायचा, वर मूठभर सुपर फॉस्फेट मारायचं; ते अमोनिया धरून ठेवतं. आणि हे सांगताना स्वतःच्या नाकाबद्दल बोलू नका. अमोनियानं घोड्याची छाती खराब होते, पळताना दम लागतो, असं सांगा. खरंच होतं तसं. शर्यतवाल्याला शेजाऱ्याचं नाक गेलं तरी चालतं, घोड्याचा दम गेलेला चालत नाही.

पावसाचं वेगळं. मृग लागला की उघडा उकिरडा वाहतो. आपल्या पश्चिम भागात जांभ्याची जमीन, पाणी झरझर मुरतं, आणि जुन्या घरांतून अजून विहिरी वापरात आहेत. तुमची किंवा कुणाचीही विहीर असेल तर ढीग तिच्यापासून किमान पन्नास फूट लांब आणि उताराच्या बाजूला हवा. या मुद्द्यावर तडजोड करू नका. गल्लीतली बाकीची घरंही इथे तुमच्या बाजूनं बोलतील, कारण पाणी सगळ्यांचं आहे.

राहिलं पळवणं. पहाटे रिकामा डांबरी रस्ता दिसला की पोरांना मोह होतो, आणि शर्यतीच्या घोड्याला रपेट लागतेच. तीही त्यांची गरज खरी आहे. पण डांबर आणि लोखंडी नाल ही जोडी वाईट. नाल घसरते, भरधाव घोडा जागच्या जागी थांबत नाही आणि वळणावर सायकलवरचं पोर आलं तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. कडक रस्त्यावर रोज पळवल्यानं घोड्याच्या पुढच्या पायांच्या नळीवर गाठी येतात, खुरं दुखावतात, एखाद्या हंगामात घोडा बसतो तो बसतोच. हे मी बापाला सांगत असे, मुलगा ऐकत असताना. "तुमच्या पोरांना लागेल" यावर कुणी रस्ता सोडलेला मला आठवत नाही. "घोड्याचा पाय जाईल" यावर दोघांनी सोडला.

त्यातल्या एका मुलाला मी विचारलं होतं, वस्तीत तरी चालवत का नेत नाहीस? तो म्हणाला, "चालवलं असतं की ओ डाक्टर, खरं कुत्री मागं लागतात, मग घोडं ऐकत नाही." त्याचं खोटं नव्हतं. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण पाठीमागचा पट्टा दिसत नाही, आणि कुत्रं नेमकं तिथून येतं. त्या गल्लीत एक बाई रोज पहाटे कुत्र्यांना भाकरी घालायची. तिनं जागा बदलली आणि घोडा चालत जायला लागला. तुमच्या रस्त्यावर काय आहे ते एकदा पहाटे उठून बघा. पोरांनाही सांगून ठेवा, घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही.

मुलगा अगदीच ऐकेना तर एक दाखला द्या. आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी वारीसाठी आळंदीला जातात, सुमारे ३०० किलोमीटर, गावागावांतून, चालत. रिंगणात तो अश्व धावतो तेव्हा लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. पळायची जागा रिंगण, वस्तीत चालायचं. वारकरी घरातल्या पोराला हे चटकन कळतं.

म्हणजे मागायच्या गोष्टी चार: परड्यात दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा उकिरडा, विहिरीपासून पन्नास फूट, वस्तीत चाल. चारही मोजता येतात, पाळल्या की नाही ते दिसतं.

आता कायदा, तुम्ही विचारलात म्हणून. पहिलं अवलंबून आहे ते हद्दीवर. तुमचं घर महापालिकेच्या हद्दीत असेल तर आरोग्य विभाग, ग्रामपंचायतीत असेल तर पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. अर्ज लेखी द्या, शक्यतो कन्नडमध्ये किंवा मराठीसोबत कन्नड प्रत जोडून, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. भाषेचा मुद्दा मोठा आहे, मलाही तो पटतो, पण लिदीच्या अर्जावर तो लढवलात तर लीद तिथेच राहील. अर्जात "घोड्याची लीद" इतकंच असू द्या. कन्नडमध्येही ती "लद्दी"च, साहेबाला फोड करून सांगावी लागत नाही.

सार्वजनिक रस्त्यावरचा उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात. त्यासाठी त्रास एकट्या तुम्हाला असून भागत नाही, गल्लीला हवा, सह्या लागतील. जनावराबाबत हलगर्जीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, रस्त्यावर बेदरकारपणे घोडा हाकल्यास २८१. दंड किरकोळ असतात. आणि आदेश झाले तरी मी बघितलेल्या प्रकरणांत ते "उकिरडा हलवा, रस्ता साफ ठेवा" असे झाले. घोडा हलवल्याचं एकही उदाहरण माझ्या नजरेत नाही. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम मागता येतो, पण वर्षं जातात. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. दावा दाखल करण्याआधीच लोक अदालतीत प्रकरण ठेवता येतं.

तबेला आधीचा की तुमचं घर आधीचं? कोर्टात "तुम्ही नंतर आलात" हे उत्तर पुरेसं ठरत नाही. गावच्या पंचांपुढे मात्र तेच सगळ्यात वजनदार ठरतं. तुमचा प्लॉट चार वर्षांचा आहे हे लक्षात ठेवून बोला.

दोन प्रसंगी मात्र बोलणी वगैरे सोडून थेट जा. शाळेच्या वेळेत मुलांच्या गर्दीतून भरधाव घोडा जात असेल तर पोलिसांकडे. आणि घोड्याच्या नाकातून चिकट शेंबूड सतत येत असेल, पायांवर फुटणाऱ्या गाठी असतील तर सरकारी पशुवैद्याकडे. तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो, माणसालाही होतो, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे आणि नमुना तपासायला हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे जातो. पण धमकी म्हणून हे नाव घेऊ नका. एकानं सूड म्हणून अशी खोटी तक्रार माझ्याकडे केली होती. नमुना निर्दोष आला, पण तोवर गावभर झालं, त्या घोडेवाल्याची ऐन लग्नसराईतली वरातीची कामं गेली, आणि ती दोन घरं आजही एकमेकांच्या मर्तिकाला जात नाहीत. घोड्यावर दगड मारणं, वाटेत काचा किंवा मिरची टाकणं हे तर मनातही आणू नका. जनावर जायबंदी झालं तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि बिथरलेला घोडा कोणत्या फाटकात शिरेल हे ठरलेलं नसतं.

जायचं कधी, हे शेवटचं. शिवजयंतीच्या आधीचा आठवडा आणि शर्यतीचे दिवस टाळा, तेव्हा त्या घरात कुणाला कानच नसतात. दर चार-सहा आठवड्यांनी त्यांच्याकडे नालबंद येतो. त्या दिवशी मालक तासभर घोड्याचा दोर धरून नुसता उभा असतो, डोळे खुरांवर, आणि बोलायला माणूस हवा असतो. त्या वेळी जा, सासूबाईंना घेऊन गेलात तरी चालेल, कोपर दिसू दे. आधी विचारा, नाल किती दिवसांत झिजते. तो सांगेल, डांबरावर लवकर झिजते. पुढचं बोलणं तिथून सुरू करा. आणि घरातली बाई चहा घेऊन बाहेर आली की उकिरड्याचं तिच्याशी बोला. महिन्याकाठी पाऊण टन लीद तीच उपसते, आठवड्यातून दोनदा नेणारा शेतकरी तुम्ही शोधून दिलात तर तिला तो हवाच असेल.